रोपं किती लावली ते नको, किती जगली ते सांगा



जून महिना आला की आपल्या कार्यालयातल्या कपाटातून पर्यावरण दिनाचा बॅनर बाहेर निघतो. बॅनर जुनाच आहे, वर्षाच्या आकड्यावर तेवढा नवा कागद चिकटवतो. मग शाळेच्या आवारात मुलं-मुली रांगेत उभ्या राहतात, हातात रोपं, मागे गटाच्या ताया, पुढे पाहुणे. फोटो होतो, चहा होतो, संपलं.

दोन वर्षांपूर्वी हे सगळं मीच केलं होतं. समाजकार्याची पदवी घेऊन रुजू होऊन मला तीनच महिने झाले होते, उत्साह ओसंडून वाहत होता. अहवालात मी लिहिलं, ‘सहा गावांमध्ये युवक-युवतींच्या सहभागातून पर्यावरण जनजागृती कार्यक्रम राबविण्यात आला. एकूण ३०० रोपांची लागवड करण्यात आली. कार्यक्रमास उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.’ अहवाल वर गेला, कौतुकही झालं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यातल्याच एका गावात ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. बैठक लवकर आटोपली आणि परतीच्या एसटीला दोन तास होते. म्हटलं, आपली झाडं बघून येऊ. शाळेच्या मागे पन्नास खड्डे होते. मी एकेक करत मोजले. हिरवी होती फक्त चार. बाकीच्या खड्ड्यांत वाळलेल्या काड्या, काहींत तर काडीही नाही. बाभळीच्या सावलीला एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “फोटोला लई माणसं व्हती ग तवा. पाण्याला कुणाला सांगितलं व्हतं?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण कुणालाच सांगितलं नव्हतं. जुलैत लावलेलं रोप पावसावर निघतं, हिवाळाही काढतं. त्याला खरी पाण्याची गरज लागते ती एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी. गेटला कुलूप, टाकी कोरडी. त्यात शाळेच्या कुंपणाला पडलेल्या भगदाडातून शेळ्या आत येतात. (आणि शेळ्या कुणाच्या, तर आपल्याच. गटाच्या कर्जातून घेतलेल्या. हसू नका, मी नंतर घरोघर विचारलं.)

हे सगळं आज लिहायचं कारण आहे. यंदाच्या वार्षिक सभेत एक ठराव येणार आहे, गावातल्या मुला-मुलींच्या पर्यावरणाच्या कामाला संघाच्या निधीतून पैसे द्यायचे की नाही. हा पैसा आकाशातून पडलेला नाही, तुमच्या बचतीच्या आणि व्याजाच्या हिशोबातला आहे. हात वर करण्याआधी एवढं तरी कळायला हवं, की अशा कामातून काही झालं हे ओळखायचं कसं?

गटाला जसं तपासतो तसंच

तुम्हाला हे शिकवायची खरं तर गरज नाही. आपल्या गटाचं ग्रेडेशन कशावर होतं? बैठक नियमित आहे का, बचत नियमित आहे का, अंतर्गत कर्ज फिरतं का, परतफेड वेळेवर आहे का, वह्या पूर्ण आहेत का. पंचसूत्री तोंडपाठ आहे सगळ्यांना. महिला दिनाच्या रॅलीत किती जणी होत्या म्हणून कुठली बँक कर्ज देत नाही. बँकेचा माणूस पासबुक मागतो, इतिवृत्ताची वही उघडायला लावतो.

मग मुलांच्या कामाला वेगळा न्याय का? ‘१२० विद्यार्थी उपस्थित’ ही झाली हजेरी. ‘५० रोपं लावली’ हे झालं काम. पण त्या कामाला फळ काय धरलं, हा प्रश्न तिसराच आहे, आणि आपले अहवाल दुसऱ्यावरच थांबतात. माझाही थांबला होता.

आपलंच नाही, सगळीकडे हेच दिसतं. आपल्या राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. पहिल्या वर्षी २ कोटींचं उद्दिष्ट होतं, शेवटच्या वर्षी ३३ कोटींचं. लावल्याचे आकडे रोज पेपरात यायचे. जगली किती, यावरून पुढे विधिमंडळात वाद झाला आणि २०२१ मध्ये त्यासाठी समिती नेमावी लागली. एवढ्या मोठ्या कामात जो प्रश्न मागे राहिला, तोच आपल्या पन्नास खड्ड्यांत मागे राहिला होता.

शाळेतही तसंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. आपल्या मुलांना नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ आणि अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ असा विषय आहे. पुस्तकं चांगली आहेत, मी वाचली आहेत. त्यात गावात फिरून करायचे प्रकल्प दिलेले आहेत. पण बारावीतल्या एका मुलीने मला तिची प्रकल्प वही दाखवली. अक्षर सुंदर, चित्रं रंगवलेली, विषय ‘माझ्या गावातील जलस्रोत’. त्यात एका नदीची माहिती होती. त्यांच्या गावात नदीच नाही! मैत्रिणीच्या वहीवरून उतरवलं होतं, आणि मैत्रिणीने आणखी कुणाच्या तरी. गुण मात्र पूर्ण मिळाले.

डोक्यावरचा भारा मोजणारी मुलं

अभ्यासात असताना मी उत्तराखंडातल्या अल्मोड्याच्या कामाबद्दल वाचलं होतं. तिथे उत्तराखंड सेवा निधी नावाची संस्था १९८७ पासून पर्यावरण शिक्षणाचं काम करते. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी त्यांनी असा अभ्यासक्रम केला, की ज्यात मुलांनी आपलंच गाव मोजायचं. घरात रोज पाणी किती लागतं, सरपण किती, जनावरांना चारा किती, आणि गावचं रान एवढं देऊ शकतं का. डोंगरातल्या त्या गावांत चारा आणि लाकूड डोक्यावरून आणतात बायकाच. म्हणजे मुलगा किंवा मुलगी जेव्हा हा हिशोब मांडते, तेव्हा ती आपल्या आईचं ओझं मोजत असते. या संस्थेचं काम गावातल्या महिला गटांबरोबरही चालतं, शाळा एकीकडे आणि बायका दुसरीकडे असं तिथे नाही.

मला यातली सगळ्यात पटलेली गोष्ट ही, की तिथे मोजणं म्हणजेच शिकणं. आधी शिकवा आणि मग बाहेरचा साहेब येऊन तपासेल, असं नाही.

आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्ही ऐकलं असेल, काही जणी तर सहलीला जाऊन आल्या आहेत. तिथे पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. झाडं, बंधारे पुष्कळ गावांत आहेत. तिथे वेगळी आहे ती हिशोबाची वही.

एका गावात करून पाहिलं

त्या चार रोपांच्या गावातच आम्ही गेल्या जूनपासून करून पाहिलं. गटाच्या तायांचीच ११ मुलं-मुली, वय १५ ते २२. सात मुली, चार मुलगे. तीन कामं ठरवली: पावसाची वही, पाच विहिरींचं पाणी आणि रोपांची मोजणी.

पावसाला महागडं यंत्र लागत नाही. सरळ उभ्या अंगाची बरणी, बाहेरून पट्टी चिकटवलेली, अंगणात मोकळ्या जागी. रोज सकाळी एकाच वेळी वाचायची आणि ओतून टाकायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हे मुलींना सांगितलं, तर एकीने लगेच घरचं छत मोजलं. साधारण २८ चौरस मीटर भरलं. म्हणजे दहा मिलिमीटर पावसात छतावर २८० लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठरा हंडे. तिची आई म्हणाली, “अठरा हंडे! मी पाच खेपा मारते तर कंबर राहत नाही.” त्यांनी पुढच्याच आठवड्यात पन्हाळीखाली पिंप ठेवलं. मी काही भाषण केलं नव्हतं.

वही मात्र पूर्ण नाही. मधले १९ दिवस कोरे आहेत, त्या मुलीची परीक्षा होती आणि बदली कुणाला नेमलं नव्हतं. कोरे ते कोरेच ठेवले. एका मुलाने “अंदाजे भरू का?” विचारलं होतं. गटाच्या वहीत अंदाजे बचत भरतो का आपण?

विहिरींचं काम जास्त रंगलं. दोरीला दगड बांधायचा, दर मीटरला रंगाची खूण, विहिरीच्या काठावर एक जागा रंगवून ठेवायची आणि दरवेळी तिथूनच पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. शासनाची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये. आम्हीही तेच महिने धरले. (काठावर वाकायचं काम मोठ्यांनी, कठडा नसलेली विहीर घेतलीच नाही. हा नियम पहिल्या दिवशी केला आणि मोडू दिला नाही.)

जानेवारीत एका विहिरीचं पाणी एकदम दीड मीटर खाली दिसलं. मुलं घाबरली, ग्रुपवर ‘पाणी संपलं’ असे मेसेज फिरले. मग विहीरवाल्या काकांनीच उलगडा केला. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती, रात्रभर मोटर चालली होती, विहीर भरायला वेळच मिळाला नव्हता. तेव्हापासून मोजणी मोटर बंद असलेल्या रात्रीनंतरच्या सकाळी.

आता मुख्य गोष्ट. पंचायतीने मागच्या उन्हाळ्यात नाल्यातला गाळ काढला होता. मुलांना बघायचं होतं, त्याने विहिरींना फायदा झाला का. तीन विहिरी नाल्याजवळच्या, दोन लांबच्या. मार्चमध्ये नाल्याजवळच्या विहिरींत पाणी बऱ्यापैकी वर होतं, लांबच्या दोन तळाला गेलेल्या. मुलं खूष, मी तर अहवालाची वाक्यंही जुळवायला लागले होते. ग्रामसंघाच्या बैठकीत हे मांडलं, तेव्हा मागे बसलेल्या एका ताईंनी विचारलं, “त्या लांबच्या दोन विहिरींवर ऊस आहे ना?”

होता. जवळच्या तिन्हींवर हरभरा आणि ज्वारी.

म्हणजे पाणी गाळ काढल्यामुळे टिकलं की पीक कमी पिणारं होतं म्हणून, हे या आकड्यांवरून सांगताच येत नाही. तुलना सारख्यांची सारख्यांशी करावी लागते. आणि पाऊसही धरावा लागतो. एखाद्या वर्षी पाऊस दणकून झाला तर आपण काहीही न करता विहिरी भरतात, आणि श्रेय बॅनरला जातं. म्हणून यंदा लांबची पण हरभऱ्याची एक विहीर घेतली आहे, आणि पाऊस तोच असेल अशी शेजारच्या शिवारातली एक. उत्तर एका वर्षात मिळणार नाही. हे मुलांना पटायला वेळ लागला. मला जास्त लागला.

झाडांना पाणी कुणी घातलं

रोपांचं आम्ही उलटं केलं. शाळेच्या आवारात न लावता ६० रोपं घरोघर दिली. शेवगा, लिंबू, कढीपत्ता, म्हणजे ज्याचं घरात काहीतरी कामाला येईल ते. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे खड्डा, भोवती बोरीच्या काट्या. दर तीन महिन्यांनी मोजणी. या मेअखेर ४१ जिवंत आहेत. पन्नासात चार आणि साठात एकेचाळीस, हा फरक मुलांनीच फळ्यावर लिहिला.

पण मोजताना वहीत आणखी एक रकाना घातला होता, पाणी कोण घालतं? ४१ पैकी ३५ घरांत आई, आजी किंवा मुलगी. सहा घरांत मुलगा किंवा बाप्या माणूस. कार्यक्रमात मनोगत व्यक्त करणारे तिघेही मुलगे होते, हेही मला तेव्हाच आठवलं.

हजेरीतही तसंच निघालं. सुरुवातीला मोजणी सकाळी सातला ठेवली होती. तीन महिन्यांत मुलींची हजेरी निम्म्यावर आली. मी मनात म्हटलं, आवड संपली. एकीने सरळ सांगितलं, “ताई, सातला नळ येतो.” विहिरीची वेळ साडेआठ केली, मुली परत आल्या. पर्यावरणाचं काम म्हणून मुलींच्या डोक्यावर आणखी एक हंडा चढत असेल, तर ते अहवालात दिसत नाही, रकाना घातला तरच दिसतं. म्हणून सहभागाचा आकडा कुणी दिला की एवढं विचारा: त्यात मुली किती, आणि त्यांनी काय केलं?

मुलांना विचारू नका, घरात बघा

“पाणी वाचवता का?” असं वर्गात विचारलं तर सगळे हात वर जातात. मी दोन शाळांत विचारून बघितलं, एक हात खाली नव्हता. मुलं खोटं बोलतात असं नाही, बाईंना काय ऐकायचंय ते त्यांना माहीत असतं. म्हणून यंदा मुलांना सोडून त्यांच्या आयांना विचारलं, घरात काय बदललं? बहुतेक घरांत उत्तर होतं, “काही नाही ग.” तेही वहीत लिहिलं.

एका घरचं वेगळं निघालं. आपल्याकडे चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी लावतात, तुम्हाला माहीतच आहे. मुलगी आईला म्हणाली, हा धूर विषारी असतो. आई म्हणाली, “मग तू पेटव बघू बिनपिशवीची.” दोन दिवस पोरीचे डोळे लाल. मग तिने वाळक्या तुराट्या बारीक मोडून कोरड्या जागी ठेवायला सुरुवात केली. पिशवी लागली त्या दिवशी भिंतीवर कोळशाची रेघ. जुलैत आठवड्याला सहा रेघा होत्या, डिसेंबरात एखादी. तेव्हाच थांबलो असतो तर ही यशोगाथा म्हणून छापली असती. एप्रिलमध्ये अवकाळी आला, तुराट्या भिजल्या आणि रेघा परत चारवर गेल्या. आता ती आईच्या मागे लागली आहे, तुराट्यांवर पत्रा टाकून दे म्हणून.

असं काही सगळ्याच गोष्टींचं रेघांत मावत नाही. याच गटातल्या एका मुलाने ग्रामसभेत उभं राहून विहिरींचे आकडे वाचले. पाय थरथरत होते. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकून लिहून ठेवलंय.

ठरावाबद्दल माझं मत

पैसे द्यावेत. पण एकदम नाही, दोन हप्त्यांत. ही काही माझी शक्कल नाही. केंद्राची अटल भूजल योजना सात राज्यांत झाली, आपल्या राज्यात १३ जिल्ह्यांत. ६ हजार कोटींच्या त्या योजनेत निम्म्याहून जास्त रक्कम ठरवलेले निकाल दाखवण्याशी बांधलेली होती. सरकार एवढं करू शकतं, तर आपला संघही करू शकतो. पहिला हप्ता दोरी, बरण्या, वह्या आणि रोपांना. दुसरा हप्ता उन्हाळा काढल्यावर, वही बघून. आणि वहीत रोपं कमी जगलेली दिसली म्हणून पैसे अडवू नका. खरं लिहिलं तर पैसे जातात हे मुलांना एकदा कळलं, की पुढच्या वर्षी साठातली साठ जगलेली दिसतील. वही कोरी असेल, कारण लिहिलेलं नसेल, तर मात्र अडवा.

वही बघायला मी एकटी नको. ग्रामसंघाने दोन ताया नेमाव्यात, ज्यांचं स्वतःचं मूल त्या गटात नाही अशा. त्यांनी दर तिमाहीला पाच घरांत जाऊन रोपं डोळ्यांनी बघावीत.

सभेला येताना एक करा. तुमच्या घरी, दारात, बांधावर कुठल्या तरी कार्यक्रमात मिळालेलं रोप असेल, तर ते कधी मिळालं आणि आज आहे का, एवढं चिठ्ठीवर लिहून आणा. वाळलं असेल तरी आणा. चिठ्ठीवर नाव नको.

खुणा केलेल्या दोन दोऱ्या कार्यालयात शिल्लक आहेत. ज्या ग्रामसंघाला हव्या त्यांनी लिपिका ताईंच्या वहीत सही करून न्याव्यात. दगड तुमचा. आणि त्या बाभळीखालच्या आजींना यंदा रोपं मोजायला बोलावलं आहे. येते म्हणाल्या, पण फोटो काढायचा नाही या अटीवर.